तेराव्या दिवसाचं पाणी

ऋतुराजचं गणित बरोबर होतं. आमच्याकडे तीन दिवसांआड पाणी येतं. अण्णा गेले तो दिवस आमच्या गल्लीच्या पाळीचा होता. तो पहिला धरला तर पुढची पाळी पाचव्या दिवशी, मग नवव्या, मग तेराव्या. म्हणजे दीडशे माणसांचं जेवण ज्या दिवशी, त्याच दिवशी पहाटे साडेपाचला नळाला पाणी. टँकर कशाला सांगायचा? त्याने सगळ्यांना सांगून टाकलं होतं, पाण्याचं मी बघितलंय.

सहाव्या दिवशी मोठी पाइपलाइन फुटली आणि सगळ्या शहराची पाळी एक दिवस पुढे सरकली, एवढंच त्या गणितात नव्हतं. नवव्याचं पाणी दहाव्याला आलं. दहाव्याला ऋतुराज केस उतरवून नदीवर विधीला बसला होता. घरी पाणी आईने आणि मी भरलं, आणि त्याने टँकर सांगितला असेल असं धरून चाललो.

अण्णांनी एकतीस वर्षं महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात चावीवाला म्हणून काढली. रस्त्याखालचे व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडायचे, ठरल्या वेळी बंद करायचे. कुठल्या भागाला कधी आणि किती वेळ, हे आमच्या वॉर्डात लोक ऑफिसला नाही, अण्णांना विचारायचे. त्यांच्याच तेराव्याला घरात पाणी नव्हतं. सकाळी आठला हौदात हात घातला तर तळाची शेवाळी बोटांना लागली. रात्री मंद्रूपहून आलेल्या दोन जीपभर पाहुण्यांच्या आंघोळीत हौद संपला होता.

गुरुलिंग आचारी मांडवात रिकाम्या कढईपाशी उभा राहिला आणि त्याने पळी कढईच्या काठावर ठेवली. गहू रात्रीच भिजवून ठेवलेले. आमच्याकडे तेराव्याला गव्हाची खीर लागते. त्याला दहाच्या आत पाणी हवं होतं. टँकरवाल्याला फोन केला तर तो दुपारी चारच्या आधी जमणार नाही म्हणाला.

"मी पाणी बघितलं होतं," ऋतुराज म्हणाला. त्याच्या भादरलेल्या डोक्यावर नखभरही केस उगवले नव्हते आणि त्या डोक्याने तो एकाएकी दहा वर्षांनी लहान दिसत होता. कुणी त्याला बोललं नाही. त्याला तेच जास्त लागलं असणार.

त्या दिवशी त्याला काहीही चुकवायचं नव्हतं. केमहून मुलीचे वडील येणार होते. लग्न अण्णांच्या हयातीत जवळजवळ ठरलंच होतं, अडलं होतं फक्त एका गोष्टीवर. ऋतुराज पुण्यात एका कंपनीत कंत्राटावर होता, अकरा महिने झाले की नवा कागद. मुलीच्या वडिलांना कायमची नोकरी हवी होती. आता ती समोर दिसत होती. अण्णा नोकरीत असताना गेले, त्यामुळे अनुकंपेवर घरातल्या एकाला महापालिकेत घेणार होते. एकालाच. बाकीच्या वारसांनी आमची हरकत नाही असं लिहून द्यायचं, आणि नाव सुचवायचं ते आईने.

येडूकाकांनी, म्हणजे अण्णांच्या थोरल्या भावाने, तो कागद मंद्रूपहून येतानाच करून आणला होता. स्टँपपेपरवर टाइप केलेला, चौघड्या घालून सदऱ्याच्या खिशात. अर्जदार म्हणून ऋतुराजचं नाव, खाली आईच्या आणि माझ्या सहीला जागा. जेवणं झाली की केमच्या पाहुण्यांसमोरच सह्या करून टाकायच्या, असं त्यांनी ठरवलं होतं.

मी आठव्या दिवशी आईला सांगितलं होतं की मला अर्ज करायचाय.

मी चौतीस वर्षांची आहे. माझं लग्न मोडून सहा वर्षं झाली. वाचनालयात पुस्तकं देते-घेते, ती नोकरी नावाचीच आहे. पण मी आईला ते काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले की मला अण्णांची जागा हवी आहे. आई तेव्हा तांदूळ निवडत होती. तिने वर न बघता विचारलं, "आणि ऋत्या?" मी तिच्यापुढचं सूप जवळ ओढलं. ती म्हणाली, "बघू." त्यानंतर पाच दिवस आम्ही दोघी त्या विषयाच्या आजूबाजूने चालत होतो.

*

पाण्याचा मार्ग येडूकाकांनीच काढला.

"चावी हाय की दारामागं," ते म्हणाले. "शाकीर हाय. तास-दीड तास सोडा पानी. ज्यानं जलमभर लोकास्नी पानी पाजलं त्याच्या तेराव्याला एवडं न्हाय व्हायचं व्हय?"

चावी खरंच दारामागे होती. छातीएवढी उंच, लोखंडाची, वर आडवी मूठ आणि खाली चौकोनी तोंड. ऑफिसची चावी हलकी म्हणून अण्णांनी ही स्वतः लोहाराकडून घडवून घेतली होती. ते गेल्यावर शाकीरचाचांनी ती आणून दारामागे तिच्या जागी उभी केली, तेव्हापासून तिला कुणी हात लावला नव्हता.

शाकीरचाचा बावीस वर्षं अण्णांच्या जोडीला होते. पहार घेऊन झाकणं काढायची ती त्यांनी. सकाळपासून मांडवात खुर्च्या मांडत होते. त्यांनी हातातली खुर्ची खाली ठेवली.

"खोलने को दो मिनट लगते दादा," ते म्हणाले. "पर आज टेकडीची पाळी है. इधर खुल्या तो उधर पाणी चढताच नहीं."

टेकडी म्हणजे आमच्या मागच्या माळावरची वस्ती. शहराच्या हद्दीत उशिरा आली, पाइप उशिरा गेला, आणि उंचावर असल्याने तिथे पाणी पोचतं ते खालचे सगळे व्हॉल्व्ह घट्ट बंद असले तरच. एक जरी उघडा राहिला तरी पाणी उताराला लागतं आणि वरचे नळ नुसती हवा सोडतात. तिथे पाणी पावणेदोन तास असतं. त्यानंतर पुन्हा चौथ्या दिवशी.

शाकीरचाचांनी हे सांगितलं आणि मग आईकडे बघितलं. "वैनी बोली तो मै खोलता. मेरा क्या होना वो होने दो."

सगळ्यांनी आईकडे बघितलं. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, कारण समोर थोरले दीर होते. चौतीस-पस्तीस वर्षांच्या संसारात ती येडूकाकांशी एकदाही थेट बोललेली नव्हती. जे बोलायचं ते निंगव्वा आत्याकडून. आत्या अण्णांची बहीण, घरातली सगळ्यात थोरली, विधवा. ती दोघांच्या मध्ये बसायची आणि एका वाक्याचे दोन निरोप करायची.

आईने आत्याच्या खांद्याशी वाकून काही सांगितलं. आत्या म्हणाली, "उगडा म्हनती. मानसं उपाशी जायला नकोत म्हनती."

मला ते अपेक्षित नव्हतं. पुढे कितीतरी दिवस मी त्या एका वाक्याचा विचार केला. आईने मला तिची बाजू सांगितली ती पावसाळा संपल्यावर, तीही दोन-चार वाक्यांत. तिने अण्णांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांना विचारलं होतं, आपल्या गल्लीला पाच मिनिटं जास्त दिली तर कुणाला कळणार आहे. अण्णा म्हणाले होते, मला. नंतर तिने विचारलं नाही. ऋतुराजच्या बारशाला तिने ओली बाळंतीण असताना शेजारून घागरी आणल्या. माझ्या लग्नात टँकर बोलावला. चावीवाल्याची बायको म्हणून गल्लीतल्या बायका तिला हसून विचारायच्या, तुमच्याकडं तर धबधबा असेल. ती हसायची. एकदा, फक्त एकदा, त्या माणसाच्या नावाने आपल्या दारात पाणी यावं असं तिला वाटलं. तोही आता विचारायला नव्हता.

शाकीरचाचा पहार उचलायला वाकले तेव्हा ऋतुराजने ती त्यांच्या हातातून घेतली.

"चाचा, तुम्ही इथंच थांबा. तुमची नोकरी जाईल. मी उघडतो."

यातली काळजी खरी होती, आणि दुसरंही काही होतं, ते त्यानेच मला नंतर सांगितलं. केमचे पाहुणे नुकतेच रिक्षातून उतरले होते. त्यांच्यासमोर बापाची चावी खांद्यावर घेऊन जायला त्याला बरं वाटलं. त्याने ती चावी आयुष्यात पहिल्यांदा उचलली होती. अण्णा पहाटे मला न्यायचे, त्याला नाही. मी नऊ वर्षांची होते आणि आपोआप पाचला उठायचे. तो तेव्हा तीन वर्षांचा. तो मोठा झाला तेव्हा त्याची शाळा होती, मग क्लास, मग डिप्लोमा, आणि अण्णा म्हणायचे, झोपू दे त्याला. ती माया होती. ऋतुराजला मात्र ती कायम दाराबाहेर ठेवल्यासारखी वाटत आली.

*

आमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह वळणावरच्या लिंबाखाली आहे. घरापासून चाळीस पावलं. अण्णा तिथेच गेले. पहाटे आमचं पाणी सोडलं, चेंबरच्या कडेला बसले, आणि बसलेलेच राहिले. लिंबाच्या खोडाला पाठ टेकलेली असल्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटलं, डोळा लागलाय. शाकीरचाचा त्या दिवशी दुसऱ्या भागात होते. व्हॉल्व्ह बंद करायला कुणी आलं नाही, आणि त्या दिवशी आमच्या गल्लीला दोन तासांच्या जागी साडेचार तास पाणी आलं.

आई त्या दिवसापासून वळणाकडे गेली नव्हती. भाजीलाही ती मागच्या बोळातून जायची.

मी ऋतुराजच्या मागे गेले. काका आले, आत्या आली, केमचे पाहुणेही कुतूहलाने आले. ऋतुराजने पहारीने झाकण सरकवलं. आतून ओल्या मातीचा वास आला. त्याने चावी खाली सोडली, चौकोनी तोंड व्हॉल्व्हच्या दांड्यावर बसवलं, मूठ दोन्ही हातांनी धरली आणि डावीकडे जोर लावला. व्हॉल्व्ह हलला नाही.

"गंजला असंल," काका म्हणाले. "दोगं मिळून लावू जोर."

त्यांनीही मूठ धरली. दोघांच्या अंगाचं वजन त्या दांड्यावर आलं आणि खालून करकर असा एक बारीक आवाज आला. तो मला ओळखता आला.

"थांब," मी म्हणाले. "ऋत्या, सोड. हा उलटा आहे."

"म्हणजे?"

"बाकीचे डावीकडे उघडतात. हा उजवीकडे. जुना आहे, मिलच्या काळातला. तू उघडत नाहीयेस, आणखी आवळायलायस."

काका थांबले, पण मूठ सोडली नाही. "व्हॉलला बी सासर-म्हायेर असतंय व्हय गं?" ते पाहुण्यांकडे बघून म्हणाले. पाहुणे हसले.

"अर्धा आटा अजून फिरला असता तर दांडा तुटला असता," मी म्हणाले. "बंद असताना तुटला म्हणजे उद्याही पाणी नाही आणि परवाही नाही. रस्ता खोदल्याशिवाय निघत नाही. दोनशे घरं आहेत यावर."

ऋतुराजने हात काढून घेतले, तव्यावरून काढावेत तसे. त्याने तळहातांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुला कधी सांगितलं अण्णांनी?"

"सांगितलं नाही. मी बघायचे."

त्याने तळहात शर्टाला पुसले. मग मुठीपासून बाजूला झाला. "मग तू उघड, अक्का."

मी चावीपाशी गेले. तिथवर काही ठरवलं नव्हतं, हे मला प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे. उजवीकडे सव्वीस आटे फिरवले की पूर्ण उघडतो. आईने सांगितलं होतं. घरात माणसं होती. आणि त्या घडीला जी आईचं ऐकेल तिचं आई ऐकेल, एवढं मला कळत होतं. मी लहानपणच्या सवयीने आधी मुठीला कान लावला.

अण्णा नेहमी असं करायचे. चावी दांड्यावर बसवली की फिरवण्याआधी मुठीला कान. लोखंडातून खालच्या पाण्याचा आवाज वर येतो. बारीक सिसकारी आली तर व्हॉल्व्ह गळतोय. काहीच आलं नाही तर पाइप रिकामा. आणि शेजारच्या मोठ्या पाइपातून पाणी कुठेतरी पुढे चाललं असेल तर सलग घुमणारा एक आवाज येतो, दूर जात्यावर दळण चालल्यासारखा. मला तो आवाज आला. पाणी टेकडीकडे चढत होतं.

मी उभी राहिले. "मी नाही उघडणार," मी म्हणाले.

"काय?"

"पाणी टेकडीवर चाललंय, काका. आता हा उघडला की ते अर्ध्यातून खाली येईल."

"तुज्या आईनं सांगितलंय."

"हो. सांगितलंय."

काकांनी आवाज खाली आणला, पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. "आईचा शबूद मोडतीस, भावाचं बसतं घर मोडतीस. आन् नोकरी पायजे व्हय तुला? उद्या कुनाचा हात धरून गेलीस तर आमच्या म्हैपतीची जागा परक्याच्या घरात जायची."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. आईने आत्याला सांगितलं असणार आणि आत्याने त्यांना. त्यांना उत्तर देण्यासारखं बरंच होतं, पण कढई रिकामी होती आणि साडेआठ वाजून गेले होते.

"ऋत्या," मी म्हणाले, "पाणी आपल्याकडं नाही, पण टेकडीवर आहे. आत्ता नळ चालू आहेत तिथले. शाकीरचाचांची बहीण जाहिदा तिथंच राहते. मंडपवाल्याचा टेम्पो दारात उभा आहे आणि आपल्याकडं चार ड्रम आहेत."

त्याने माझ्याकडे बघितलं. इतकं सोपं होतं ते, की त्याला राग आल्यासारखा दिसला. मग तो पळाला. गल्लीच्या तोंडातूनच शाकीरचाचांना हाका मारायला लागला, चाचा, जाहिदाआपाचा नंबर लावा.

*

बातमी आईपर्यंत आत्याने नेली. आत्याच्या मनात तोवर काहीतरी हललं होतं, ते मला तेव्हा दिसलं नाही. सकाळपर्यंत तिची आणि काकांची एकच भाषा होती, पोराचं घर बसू दे. पण लिंबाखाली काका जे हळू आवाजात बोलले ते तिने ऐकलं, आणि तिला तिचं स्वतःचं आठवलं. तिचा नवरा सोलापुरातल्या एका मिलमध्ये साच्यावर कापड विणायचा. तो गेला तेव्हा तेराव्यालाच तिच्यापुढे एक कागद आला. तिने अंगठा दिला. जागा धाकट्या दिराला लागली हे तिला महिन्याने कळलं. त्याच्या घरात ती पुढची सोळा वर्षं भाकरी थापत राहिली. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती, अन्याय म्हणून कुणी सांगत नव्हतं इतकंच.

आत्याने आईला काय सांगितलं ते ठाऊक नाही. पण थोड्या वेळाने मी वळून बघितलं तर आई गल्लीतून येत होती.

ती सावकाश चालत होती. चाळीस पावलं चालायला तिला बराच वेळ लागला. काका तिला बघून बाजूला झाले, ती त्यांच्यासमोरून पदर सावरत आली आणि चेंबरपाशी थांबली. आत बघितलं. मग लिंबाच्या खोडाकडे बघितलं. खोडाची साल एका जागी गुळगुळीत झाली आहे, अण्णा बरीच वर्षं तिथे टेकून बसायचे म्हणून. तिने तिथे हात लावला नाही.

मी तयारी केली होती की ती मला बोलेल. ती म्हणाली, "कुटं लावायचे ते कान?"

मी मूठ दाखवली. आई गुडघ्यावर हात ठेवून वाकली, पदर मागे सरकवला आणि कान लोखंडाला टेकवला. तिचे डोळे उघडे होते. ती रस्त्याकडे बघत होती पण बघत नव्हती. मंडपवाल्याचा टेम्पो चार रिकामे ड्रम खडखडवत आमच्या बाजूने गेला, मागे ऋतुराज उभा होता, तरी ती हलली नाही. टेम्पो लांब गेल्यावर म्हणाली, "घुमतंय."

"टेकडीला चाललंय."

"ते रोज हेच ऐकायचे?"

"हो."

ती ऐकत राहिली. मग आम्हाला दोघींनाच ऐकू येईल असं बोलली. "त्या दिवशी पाणी थांबंना म्हणून मी चादरी काढल्या. सगळ्या घरातल्या. म्हनलं आज यांना झालंय काय, दया आली वाटतं आपल्यावर. गाणं म्हनत होते मी, वैजू. शाकीर दारात आला तवा पिळायलेच होते."

मला हे ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी वाचनालयात होते. संध्याकाळी तारेवर तीन ओळी चादरी होत्या एवढं आठवत होतं, आणि त्या पुढे कितीतरी दिवस कुणी काढल्या नव्हत्या.

मी चावी धरून उभी राहिले.

"आत्ता बंद हाय का नीट?" आईने विचारलं.

"हो. सिसकारी नाही. घट्ट आहे."

"मग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, आणि कमरेवर हात ठेवून सरळ झाली.

*

टेम्पो पावणेदहाला आला. जाहिदाआपाने स्वतःच्या नळाला पाइप लावून ड्रम भरले होते, आणि शेजारच्या दोन घरांनीही. ड्रमांच्या मधल्या फटींतून लोकांनी कळश्या, कॅन, एक स्टीलची टाकी असं काय काय खोचून दिलं होतं. ऋतुराज पायापासून छातीपर्यंत भिजला होता. तो उडी मारून उतरला आणि गुरुलिंगला म्हणाला, घ्या, टेकडीचं पाणी. गुरुलिंगने पळी उचलली. खीर व्हायला दुपारचा एक वाजला, आणि पहिली पंगत बसली तेव्हा दोन. कुणी उपाशी गेलं नाही.

केमचे पाहुणे पहिल्या पंगतीला जेवले. जेवण झाल्यावर काकांनी खिशातून कागद काढला, उलगडला आणि सतरंजीवर ठेवला. पेन उघडून त्यावर आडवं ठेवलं. "वैजू, आईला बोलव," ते म्हणाले. "सया करून टाकू."

आई उंबऱ्यात आली. आत्या नेहमीप्रमाणे मध्ये बसली होती, निरोपासाठी. ती म्हणाली, "आदी वाचून घे म्हनावं काय लिवलंय ते. माज्या येळंला कुनी वाचून दावलं न्हवतं."

काकांनी बहिणीकडे बघितलं. तिने नजर हलवली नाही.

मी कागद वाचून दाखवला. त्यात अण्णांचं पूर्ण नाव होतं, हुद्दा होता, मृत्यूची तारीख होती. ऋतुराजचं नाव आलं तिथे माझा आवाज बदलू नये म्हणून मी थोडी थांबले. वाचून झाल्यावर मांडवात फक्त ताटं गोळा करण्याचा आवाज होता.

आई आत्याकडे वाकली नाही. ती उंबरा ओलांडून बाहेर आली.

"भावजी," ती म्हणाली.

काकांनी मान वर केली. आत्यानेही केली. त्या दोघांनी तो शब्द तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"तुमी वडील हाय. तुमचा मान हाय. पर हे नाव मी द्यायचंय. वैजूचं घाला."

"आन् पोराचं?" काकांनी कागदावर बोट ठेवलं. "पाव्हणं बसलेत हितं. त्येचं काय?"

आईने ऋतुराजकडे बघितलं, आणि मला वाटतं त्या दिवशी तिला सगळ्यात जड गेलेली गोष्ट ती होती. तो खांबाला टेकून उभा होता, अंगावर तोच ओला शर्ट. तिला त्याला काहीतरी द्यायचं होतं आणि देण्यासारखं जे होतं ते तिने नुकतंच दुसऱ्याला दिलं होतं.

तो म्हणाला, "माझ्या हातून दांडा तुटला असता, काका." त्याने एवढंच म्हटलं. मग पुढे होऊन पेन उचललं. कागद काकांनी केलेला, त्यावर नाव त्याचंच. त्याने स्वतःच्या नावावर एक रेघ मारली, नवीन करून आणा म्हणाला, मी सही देतो, आणि पेन बंद करून जागेवर ठेवलं. त्या रेघेकडे मी बघू शकले नाही.

केमच्या पाहुण्यांनी हात धुतले, रामराम केला, पुन्हा कळवतो म्हणाले. ते कळवणार नाहीत हे मांडवात सगळ्यांना समजलं. काका न जेवता उठले. तेराव्याचं अन्न टाकून भाऊ जातो म्हटल्यावर माणसं बघायला लागली. आत्याने त्यांचा हात धरला नाही की आवाज चढवला नाही. तिने पान मांडलं, पानापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "म्हैपतीसाटी बस, येडू. आमच्यासाटी नको बसू." ते उभे राहिले, मग बसले. खीर त्यांनी खाली मान घालून खाल्ली. मला ते तेव्हा पहिल्यांदा म्हातारे दिसले.

संध्याकाळी ऋतुराज गच्चीवर होता. मी गेले तर त्याने विचारलं, "किती आटे आहेत त्याचे?"

"सव्वीस."

"उजवीकडं."

"हो."

त्याने मान हलवली. परवा पुण्याला जातो म्हणाला. मी तिथे थोडा वेळ थांबले, पण त्याने पुढे काही विचारलं नाही आणि मला काही सांगता आलं नाही. आमच्यातलं ते अजून तसंच आहे.

*

चौदाव्या दिवशी आमची पाळी होती. सव्वापाचला शाकीरचाचा दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात पहार होती, चावी नव्हती. ऑफिसची चावी कुठाय असं मी विचारलं नाही. मला बाईमाणूस म्हणून ऑफिसात टेबलाच्या कामाला बसवतील, असं ते आदल्या दिवशीच बोलले होते. तसं होईलही. अजून अर्जसुद्धा गेला नव्हता. चाचा आकाशाकडे बघत राहिले.

मी दारामागून चावी घेतली. ती आठवत होती त्यापेक्षा जड होती, किंवा लहानपणी मी ती उचलत नसेन, नुसती धरून चालत असेन.

आई नळापाशी होती. घागरी, बादल्या, मोठं पातेलं ओळीने लावलेलं. धुवायचं काही काढलं नव्हतं.

"किती वेळ सोडनार?" तिने विचारलं.

"दोन तास."

तिने बादलीची कडी सरळ केली. मी उंबऱ्याबाहेर पाय टाकला तेव्हा ती मागून म्हणाली, "आठवणीनं बंद कर गं."

"करते," मी म्हणाले, आणि चाचांच्या मागून वळणाकडे चालायला लागले.